मौनाचे बंधन फादरवर आहे, मुलावर नाही

महोदय,

लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे धर्मगुरूला कन्फेशनमध्ये, म्हणजे त्याच्यापुढे पापांची कबुली देण्याच्या विधीत, कळले, तर त्याने पोलिसांकडे जायचे की गप्प बसायचे? अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने मे २०२५ मध्ये याचे उत्तर कायद्याने देऊन टाकले: कळवलेच पाहिजे, कन्फेशनलाही सूट नाही. तिथले बिशप न्यायालयात गेले. जुलैत न्यायालयाने कन्फेशनपुरती त्या कायद्याची अंमलबजावणी थांबवली आणि ऑक्टोबरमध्ये तडजोड झाली. कन्फेशनमध्ये ऐकलेले सोडून बाकी जे कळेल ते धर्मगुरूंनी सरकारी यंत्रणेला कळवायचे, असे ठरले. ऑस्ट्रेलियात मात्र व्हिक्टोरिया, क्वीन्सलँड अशा राज्यांनी ही सूट काढून टाकली आहे. तिथे माहिती दडवणाऱ्या धर्मगुरूला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

अशा बातम्या आल्या की आपल्याकडची चर्चा दोन वाक्यांत आटोपते. एक बाजू म्हणते, ही गुप्तता म्हणजे गुन्हेगारांना आसरा. दुसरी म्हणते, हा आमच्या श्रद्धेवर घाला. ही गुप्तता नेमकी कशाची, कोणावर आणि कुठपर्यंत, हे कोणी सांगत नाही. आमच्या मते मुलांचा घात बव्हंशी या न सांगण्यानेच होतो, म्हणून हे सविस्तर पत्र.

कॅथलिक चर्चमध्ये कन्फेशन किंवा पापनिवेदन, म्हणजे गोव्याच्या भाषेत कुमसार, हा सात संस्कारांपैकी एक. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने जाणत्या वयाच्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करावे असा नियम केला. त्याच नियमात, गुप्तता फोडणाऱ्या धर्मगुरूला पदावरून काढून कडक मठात जन्मभर प्रायश्चित्त करायला लावावे, असेही लिहिले. आजच्या धर्मविधिसंहितेचे, म्हणजे चर्चच्या कायद्याचे, ९८३ वे कलम ही गुप्तता अभंग मानते. ती थेट फोडणारा धर्मगुरू त्या क्षणीच बहिष्कृत होतो आणि तो बहिष्कार उठवण्याचा अधिकार रोमने स्वतःकडे ठेवला आहे. शब्दाने तर नाहीच, इशाऱ्याने किंवा चेहऱ्यावरच्या भावानेही कोणाचे पाप उघड करायचे नाही, हे सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात, पहिल्यापासून शिकवतात. दुभाषा मध्ये असेल किंवा बाहेर उभ्या कोणाच्या कानावर काही पडले, तर तेही या गुप्ततेला बांधलेले असतात.

इथवर बहुतेकांना माहीत असते. पुढचे माहीत नसते. ही गुप्तता लागू व्हायला समोर दीक्षित धर्मगुरू हवा आणि बोलणारा पापाची क्षमा मागण्यासाठी, संस्कार म्हणून बोलत असायला हवा. पॅरिश (स्थानिक चर्चच्या) ऑफिसात सांगितलेले, घरभेटीत कानावर आलेले, समुपदेशनात निघालेले, व्हॉट्सअॅपवर लिहिलेले, सिस्टरना, धर्मशिक्षकाला किंवा मुख्याध्यापक असलेल्या फादरना सांगितलेले, यातले काहीही तिच्यात मोडत नाही. 'फादर, हे कन्फेशन समजा बरं का' असे गप्पांच्या ओघात म्हटल्याने गप्पांचे कन्फेशन होत नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचे, जो पापनिवेदन करतो त्याच्यावर गुप्ततेचे कसलेही बंधन नाही. आपण काय बोललो, फादर काय म्हणाले, फादरनी काय केले, हे तो कोणालाही सांगू शकतो. पोलिसांनाही.

आता देशाचा कायदा. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्याच्या कलम १९ प्रमाणे, मुलावर लैंगिक गुन्हा झाल्याचे माहीत असलेल्या किंवा तो होण्याची धास्ती असलेल्या 'कोणत्याही व्यक्तीने' विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवायचे आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. पुरावा कायद्यात पती-पत्नीमधल्या आणि वकील-अशिलामधल्या बोलण्याला संरक्षण आहे. धर्मगुरूशी झालेल्या बोलण्याला १८७२ च्या कायद्यात संरक्षण नव्हते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही नाही. शिवाय कलम ४२-अ प्रमाणे दुसऱ्या कायद्याशी विसंगती आली तर पोक्सोच वरचढ ठरतो. थोडक्यात, वॉशिंग्टनमध्ये ज्यावरून एवढे रण माजले, ती सूट भारतात कायद्याने कधी दिलेलीच नाही. चर्चमधल्या किती लोकांना हे ठाऊक आहे?

न्यायालये या कलमांकडे काणाडोळा करत नाहीत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा इथल्या शाळेच्या वसतिगृहातील मुलींच्या प्रकरणात, माहिती असून कळवले नाही असा आरोप असलेल्या डॉक्टरवरचा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये तो निकाल फिरवला. २०१८ साली केरळमधल्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने हेही सांगितले होते की कायद्याला 'माहिती' असणे अपेक्षित आहे, स्वतः तपास करून गुन्हा शोधून काढणे नव्हे. ही दुसरी गोष्ट धर्मग्रामांनी (पॅरिशांनी) नीट लक्षात घ्यावी, कारण आपल्याकडे घोळ होतो तो इथेच. तक्रार आली की आधी आपली समिती चौकशी करते. मुलाला तेच चार-पाच जणांपुढे सांगावे लागते, दर वेळी तपशील थोडे बदलतात आणि पुढे बचाव पक्षाचा वकील त्यावरच बोट ठेवतो. कपडे धुतले जातात, मोबाइलमधले संदेश पुसले जातात, वैद्यकीय तपासणीची वेळ निघून जाते. ज्याच्यावर आरोप आहे त्याची दूरच्या धर्मग्रामात बदली होते आणि तिथल्या मुलांना काहीच माहीत नसते.

आता कन्फेशनच्या आत जाऊ. १९१० साली पोप दहावे पायस यांनी पहिल्या ख्रिस्तप्रसादाचे (मिस्सेत पहिल्यांदा पवित्र भाकर घेण्याचे) वय सातच्या आसपास आणले, आणि ख्रिस्तप्रसादाआधी पापनिवेदन हवे म्हणून तेही त्याच वयावर आले. आठ-नऊ वर्षांचे मूल रांगेत उभे असते. हातात घामाने ओली झालेली चिठ्ठी: आईला उलट बोललो, भावाला मारले, रविवारची मिस्सा चुकवली. या यादीतच एखाद्या दिवशी एक वाक्य येते, 'मी घाणेरडे काम केले.' काय केले ते मूल सांगत नाही, कोणी केले ते तर नाहीच. त्याच्या लेखी ते पाप त्याचेच असते. मागे तीस-चाळीस मुले खोळंबलेली असतात. फादर विचारतात, 'पुन्हा करणार नाहीस ना?' मूल मान हलवते. तीन नमो मरिया म्हणायला सांगून फादर क्षमा देतात आणि पुढचे मूल गुडघे टेकते. दुसऱ्याने केलेल्या गुन्ह्याची क्षमा त्या मुलाला मिळालेली असते, आणि चूक आपलीच होती हे आता साक्षात देवाकडून कळले, असे ते धरून चालते. यात गुप्तता फोडण्याचा किंवा पाळण्याचा प्रश्नच आला नाही. ऐकणाऱ्याला ऐकू आले नाही, एवढेच झाले.

ऐकू आले तर काय करायचे, हे २०१९ साली व्हॅटिकनच्या प्रायश्चित्तविषयक न्यायपीठाने काढलेल्या टिपणात आहे. समोरचा माणूस स्वतःच कोणाच्या दुष्कृत्याचा बळी असेल, तर त्याचे हक्क काय आणि चर्चकडे व सरकारकडे तक्रार कशी करायची, हे धर्मगुरूने त्याला समजावून सांगावे, असे ते म्हणते. प्रत्यक्षात ते असे होऊ शकते. आधी मुलाला स्वच्छ शब्दांत सांगायचे, 'बाळा, हे तुझे पाप नाही. तुझी काहीच चूक नाही. तू सांगितलेस हे फार चांगले केलेस.' मग खोदून विचारायचे नाही. कुठे हात लावला, किती वेळा, हे प्रश्न पोलिसांचे आणि डॉक्टरांचे. फार तर दोन गोष्टी विचाराव्या: आज घरी जायला भीती वाटते का, आणि कोणत्या मोठ्या माणसाला हे सांगता येईल. त्यानंतरचा प्रश्न सगळ्यांत कळीचा: 'हेच मला बाहेर त्या बाकावर बसून पुन्हा सांगशील? सिस्टर किंवा आई शेजारी असली तर चालेल?'

हा प्रश्न आतच विचारायला हवा, कारण मूल एकदा बाहेर पडले की त्याच्या परवानगीवाचून धर्मगुरूला तो विषय त्याच्यापाशीही काढता येत नाही. मूल हो म्हणाले तर बाहेर बसल्यावर त्याने पहिल्यापासून, स्वतःच्या तोंडाने सांगायचे. फादरनी 'मघाशी तू म्हणालास ते' अशी सुरुवात करून द्यायची नाही. बाहेर ऐकलेले हे नवे, साधे ऐकणे असते. त्याला संस्काराचे कुलूप नाही आणि कलम १९ पुरते लागू होते. त्याच दिवशी पोलिसांना कळवावे.

मूल नाही म्हणाले तर? मग कॅथलिक धर्मगुरूचे हात बांधलेले राहतात, हे आडवळण न घेता कबूल केले पाहिजे. म्हणून सगळी भिस्त आधीच्या तयारीवर. पहिल्या पापनिवेदनाच्या तयारीत दहा आज्ञा आणि पश्चात्तापाची प्रार्थना पाठ करून घेतात. त्याच्याआधी एक पूर्ण तास सुरक्षित-असुरक्षित स्पर्शाला द्यावा. त्यात हे तीनदा सांगावे की मोठ्या माणसाने तुझ्याशी केलेली वाईट गोष्ट तुझ्या पापांच्या यादीत येत नाही, आणि कन्फेशनमधले गुपित फादरनी पाळायचे असते, तू नाही. 'हे देवाचे आणि आपल्या दोघांचे गुपित' असे कोणी म्हणाले, मग तो फादर का असेना, तर तो खोटे बोलतो आहे. खुद्द कन्फेशनच्या आडून धर्मगुरूने लैंगिक मागणी केली तर चर्चच्याच कायद्यात तो गंभीर अपराध आहे (कलम १३८५), आणि मुलाने त्याची तक्रार केल्याने कसलीही गुप्तता भंगत नाही.

जागेबद्दलही बोलले पाहिजे. पापनिवेदनाचा जाळीदार लाकडी कक्ष सोळाव्या शतकात मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ यांनी रूढ केला. धर्मगुरू आणि पापनिवेदन करणारी स्त्री यांच्यामध्ये एक घट्ट आडोसा असावा, हात पलीकडे जाऊ नये, हा त्यामागचा साधा विचार. आजही संहितेचे ९६४ वे कलम उघड्या जागी, पक्की जाळी असलेला कक्ष असावा असेच सांगते. पण गर्दी झाली की सॅक्रिस्टीत (वेदीलगतच्या तयारीच्या खोलीत), वरच्या खोलीत, ऑफिसात समोरासमोर खुर्च्या टाकून पापनिवेदन चालते. मुलांचे पापनिवेदन मुख्य चर्चमध्ये, सगळ्यांच्या नजरेच्या टप्प्यात पण कानाच्या टप्प्याबाहेर, दारे उघडी ठेवून व्हावे. धर्मशिक्षिकेला मूल दिसत राहील, ऐकू येणार नाही, इतक्या अंतरावर तिची खुर्ची असावी. एका तासाला एका फादरकडे बारा-पंधराच मुले पाठवावीत. चाळीस मुलांच्या घाईत कोणाचेच ऐकणे होत नाही.

अत्याचार करणाराच जाळीपलीकडे येऊन बसला तर, हा प्रश्न याहून अवघड. 'असे लोक कन्फेशनला येतच नाहीत' हे उत्तर आता पुरत नाही. क्वीन्सलँडमधल्या दोषी ठरलेल्या एका धर्मगुरूने शपथपत्रात म्हटले होते की त्याने २५ वर्षांत सुमारे ३० धर्मगुरूंपुढे १,५०० वेळा हे पाप कबूल केले. संस्थांमधल्या बाल लैंगिक अत्याचारांची चौकशी करणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या शाही आयोगाने डिसेंबर २०१७ च्या अहवालात स्पष्ट लिहिले की मुलांनी कन्फेशनमध्ये अत्याचार सांगितले होते आणि अत्याचार करणाऱ्या धर्मगुरूंनीही आपली टोचणी तिथेच हलकी केली होती. आयोगापुढे आलेल्या कॅथलिक तक्रारींत घटना आणि तक्रार यांच्यात सरासरी ३३ वर्षे गेली होती. क्षमा दर वेळी मिळत राहिली आणि मुले बदलत राहिली.

२०१९ चे टिपण म्हणते की 'आधी पोलिसांत हजर हो, मग क्षमा' अशी अट धर्मगुरूने घालू नये. हा भाग आम्हाला पटत नाही. पण तो मान्य केला तरी धर्मगुरूच्या हातात बरेच काही उरते. खरा पश्चात्ताप आणि पुन्हा न करण्याचा निर्धार असल्याशिवाय क्षमा देता येत नाही, आणि पापाचा निकटचा प्रसंग टाळणे हा त्या निर्धाराचाच भाग आहे, ही शिकवण जुनी आहे. वसतिगृहाचा रेक्टर, गायनवृंदाचा शिक्षक किंवा वेदीसेवकांचा प्रमुख 'मला पश्चात्ताप झालाय' म्हणत त्याच मुलांमध्ये परत जाणार असेल, तर त्याचा निर्धार कुठे आहे? ते काम आज सोडतोस का, या प्रश्नाला 'नाही' असे उत्तर आले तर क्षमा रोखून धरणे धर्मगुरूच्या अधिकारात आहे. हा अधिकार वापरायला सेमिनरीत शिकवावे.

आणखी एक पळवाट बुजवली पाहिजे. आरोपाची कुणकुण लागलेला धर्मगुरू बिशपांकडे जातो आणि 'आधी माझे कन्फेशन ऐका' म्हणतो. ते ऐकले की बिशपांचे तोंड बंद. सेमिनरीच्या रेक्टरने आपल्याच विद्यार्थ्यांचे पापनिवेदन सहसा ऐकू नये असा नियम संहितेत आहेच (कलम ९८५), आणि त्यामागचे कारण हेच की ज्याच्या हाती निर्णय आहे त्याचे हात मोकळे असावेत. तोच नियम प्रत्येक बिशप, धर्मसंघाचे प्रांतप्रमुख आणि मुख्याध्यापकांनी आपल्या हाताखालच्या धर्मगुरूंबाबत जाहीरपणे स्वतःला लावून घ्यावा.

प्रॉटेस्टंट मंडळ्यांत, अहिल्यानगर-कोल्हापूरकडच्या सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) किंवा मेथडिस्ट चर्चमध्ये, बहुतांशी पापांगीकार उपासनेत सगळ्यांनी मिळून होतो. तिथे पाळकाने 'विश्वासात सांगितलेली गोष्ट' म्हणून गप्प बसण्याला धर्मशास्त्राचाही आधार नाही.

पोलिसांकडे जायचे म्हणजे काय, याची भीती मोठी असते. कळवायला लेखी अर्ज लागत नाही. तोंडी सांगितलेले पोलीस लिहून घेतात, त्याला नोंद क्रमांक देतात आणि वाचून दाखवतात. गुन्हा दुसऱ्या हद्दीतला असला तरी झीरो एफआयआर घ्यावाच लागतो आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला बरे वाटेल अशा ठिकाणी, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता, आईवडील किंवा मुलाच्या विश्वासाचे माणूस सोबत असताना घ्यायचा असतो. मुलाला रात्री ठाण्यात थांबवता येत नाही. वैद्यकीय तपासणीसाठी एफआयआर होईपर्यंत थांबावे लागत नाही आणि मुलगी असेल तर डॉक्टर स्त्रीच हवी. पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचे असते. प्रामाणिकपणे दिलेली माहिती पुढे सिद्ध झाली नाही तरी देणाऱ्यावर कारवाई होत नाही, हे कलम १९(७) मध्येच आहे. बिशपांनाही कळवावे, पण पोलिसांना कळवून झाल्यावर. व्हॅटिकनच्या २०१९ च्या आणि २०२३ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार तक्रार करणाऱ्यावर मौनाची अट घालता येत नाही. 'बाहेर बोलू नका' असे कोणी म्हणाले तर तो चर्चचाही नियम मोडतो. याच नियमांत एक फटही आहे. अंतर्यामीच्या क्षेत्रात, म्हणजे आध्यात्मिक मार्गदर्शनातसुद्धा, कळलेले बिशपांना कळवण्याची सक्ती ते धर्मगुरूवर करत नाहीत. भारतीय कायदा ही फट मानत नाही, एवढे प्रत्येक धर्मगुरूने ध्यानात ठेवावे.

मग गुप्ततेचे काय? भारतातल्या चर्चने कायद्यात सूट मागू नये, असे आमचे ठाम मत आहे. डिसेंबर २०२१ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने एका धर्मगुरूला पोक्सोखाली जन्मठेप दिली. अशा निकालांनंतर सूट मागण्याचा नैतिक अधिकार उरत नाही. २०१८ साली राष्ट्रीय महिला आयोगाच्या अध्यक्षांनी कन्फेशनच बंद करा म्हटले, तेही आम्हाला मान्य नाही. ज्या धर्मगुरूचा विवेक त्याला संस्कारात ऐकलेले सांगू देत नाही, त्याने तसे वागावे आणि कलम २१ ची शिक्षा भोगायची तयारी ठेवावी. त्याच्या या त्यागाची सावली पॅरिश ऑफिसातल्या, शाळेतल्या, बिशप हाऊसमधल्या मौनावर मात्र पडू देऊ नये. तिथे कोणाचीही श्रद्धा आड येत नाही.

मुंबई, वसई, पुणे, नाशिक आणि गोव्याच्या धर्मप्रांतांना आमची मागणी छोटी आहे. प्रत्येक चर्चच्या दाराशी आणि प्रत्येक पापनिवेदन कक्षाबाहेर मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर, मराठीत आणि गोव्यात कोकणीत एक फलक लावावा. त्यावर चाइल्ड हेल्पलाइन १०९८, पोलीस ११२, जवळच्या ठाण्याचा आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा नंबर असावा. खाली ठळक अक्षरांत एक ओळ असावी: 'आत जे बोललास, ते तू बाहेर कोणालाही सांगू शकतोस.' ईस्टरआधीच्या उपवासकाळात मुलांच्या रांगा लागतात. त्याआधी हे फलक लागावेत.

आपले,
काही कॅथलिक पालक व धर्मशिक्षक, वसई